चाकामागचा दगड

चुडामणला मी सत्तावीस वर्षं ओळखतो आणि त्यातली पंचवीस तरी मी त्याच्यावर चिडलेलो आहे. पहिली दोन वर्षं आमची नीट ओळख व्हायची होती.

पिंप्राळ्यात त्याचं गॅरेज आणि माझं लेथचं दुकान, मध्ये एकच भिंत. त्या भिंतीला त्यानं एक चौकोनी भगदाड पाडलंय, मला न विचारता. का, तर रस्त्यानं वळसा घालून यायला नको. त्या भगदाडातून दिवसातून दहा वेळा त्याचं डोकं आत येतं आणि म्हणतं, "रुपचंदभाऊ, एवढं एक करून द्या ना." मी भडगावचा, रागावलो की माझ्या तोंडून अहिराणी निघते. चुडामण यावल तालुक्यातला, त्यांची बोली निराळी. माझ्या निम्म्या शिव्या त्याला समजत नाहीत, म्हणून तुमची दोस्ती टिकली, असं माझी बायको म्हणते.

बुटका, गोल पोटाचा, कपाळावर कायम ग्रीसचा एक पट्टा. आता गाड्यांचा रोग कॉम्प्युटर लावून शोधतात. चुडामण मोठ्या स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावतो, टोक इंजिनावर टेकवतो, डोळे मिटतो आणि मग सांगतो, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह." तो तिसराच निघतो. कार्बोरेटरची गाडी अख्ख्या जळगावात कुणाकडे उरली असेल, तर ती शेवटी याच्याच दारात येते. आणि हा कधी चिडत नाही. माणसानं सत्तावीस वर्षांत एकदा तरी चिडावं की नाही? मला त्याचाच जास्त राग येतो.

त्याची स्वतःची गाडी चौऱ्याऐंशी सालची. बदामी रंगाची, म्हणून नाव बदामी. गियर स्टिअरिंगच्या दांडीवर, दिवे गोल, आणि हँडब्रेक जो त्यानं कधीच दुरुस्त केला नाही. लोकांचे हँडब्रेक करून देतो, स्वतःचा नाही. त्याऐवजी डिकीत एक काळा दगड, फुटलेल्या पाट्याचा तिकोनी तुकडा. चढावर गाडी थांबली की त्याची लेक सारिका टुणकन उतरायची आणि तो मागच्या चाकाला लावायची. पाच वर्षांची होती तेव्हापासून ते तिचं काम. दुसऱ्या कुणी दगडाला हात लावला तर रडायची.

गेल्या डिसेंबरात सारिकाचं लग्न झालं. सासर कन्नडला. माणसं मूळची आपल्याच खानदेशातली, पण दोन पिढ्या तिकडं स्थायिक, हार्डवेअरचं दुकान. व्याही प्रेमराजनाना, पांढरा कडक शर्ट, बोलणं त्याहून कडक. जावई पियुष मात्र गरीब गाय. पाठवणीला सारिकानं हट्ट धरला, मी बदामीतूनच सासरी जाणार. व्याह्यांनी फुलं लावलेली मोठी नवी गाडी आणली होती, ती नवरानवरीशिवायच पुढं गेली. बदामीत चुडामण, त्याची बायको सुनंदावहिनी, नवरानवरी आणि सामान धरायला मी.

चाळीसगाव सोडलं आणि कन्नडचा घाट लागला. पाच माणसं, डिकीत भांड्यांचा संसार. दुसऱ्या मोठ्या वळणावर पुढं एक टेम्पो थांबला, म्हणून आम्हीही थांबलो. टेम्पो निघाला, आमची गाडी काही निघेना. पहिला गियर, पाय पूर्ण दाबलेला, इंजिन ओरडतंय आणि गाडी हळूहळू मागं सरकतेय. इंजिनात दोष नव्हता. पण चाळीस घोडे ते चाळीसच, तेही म्हातारे. मी घाबरून दार शोधतोय, तोवर सारिका खाली उतरलीसुद्धा. अंगावर शालू, हातात हिरवा चुडा, डोक्याला मुंडावळ्या, आणि तो काळा दगड घेऊन ती चाकामागं बसली. सवयीनंच गेली हो पोर. तिला वाटलं नाही की आपण नवरी आहोत.

तेवढ्यात व्याह्यांची नवी गाडी काय झालं बघायला मागं वळून आली. प्रेमराजनानांनी काच खाली केली, सगळं बघितलं आणि म्हणाले, "वा. बाप मेकॅनिक आणि नवरीनं चाकाला दगड लावायचा." गाडीतली सगळी वऱ्हाडी मंडळी हसली. सारिकाही हसली, पण मान खाली घालून. उरलेला घाट नवरानवरी नव्या गाडीतून चढली.

कन्नडला पोचल्यावर चहा झाला आणि चुडामण उभा राहून म्हणाला, "नाना, आखाजीला लेकीला न्यायला मुराळी म्हणून मी येईन. याच गाडीनं. घाटात कुठंही न थांबता."

"आणि थांबली तर?"

"तर तिथूनच भंगारात देईन."

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही सासुरवाशिणीची दिवाळी. माहेरचा माणूस मुराळी म्हणून जातो आणि लेकीला वाजतगाजत घरी आणतो. लग्नानंतरची पहिली आखाजी तर विचारूच नका. म्हणजे या माणसानं शब्द दिला तो कुठल्या दिवसाचा, बघा. परत येताना मी त्याला वाटभर बोललो. "येडा शेस का रे भो? बठ्ठ्यांसमोर बोलून बसलास." तो म्हणाला, "जमते, भाऊ." बस एवढंच.

जानेवारीत मला घेऊन तो एसटीनं धुळ्याला गेला. भंगार बाजारात दिवसभर उन्हात फिरला आणि पिशवीत एक लोखंडी गोगलगाय घेऊन आला. दोन नारळ एकमेकांना चिकटवावेत एवढी. एका अपघातातल्या डिझेल गाडीचा टर्बो.

टर्बो म्हणजे काय ते मला त्यानं बसमध्ये समजावलं. सायलेन्सरमधून जो धूर फुकट जातो, त्याच्या जोरावर एक भिंगरी फिरते. तिच्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरी भिंगरी. ती बाहेरची हवा ओढते आणि इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. "अन् दाब किती, तर सायकलच्या ट्यूबमधी असते त्याहूनबी कमी," तो म्हणाला. मी म्हटलं, मग सायकलचा पंपच लाव ना, धुळ्याला कशाला आणलंस. माझी एसटीत कंबर धरली होती.

पुढं दोन महिने भगदाडातून नुसता त्याचा हात दिसायचा. टर्बोला बसवायची चकती करून द्या. तेलाची नळी करून द्या. सिलिंडरच्या डोक्याखाली बसवायला तांब्याची जाड पट्टी कापून द्या, म्हणजे दाब वाढला तरी इंजिन ठोकणार नाही. मी शिव्या देत देत सगळं केलं. एक चकती तर तीनदा केली, कारण पहिल्या दोन माझ्याच मनाला येईनात. आरटीओला विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून आम्ही विचारलं नाही.

मार्चच्या शेवटी बदामी सुरू झाली. पाय हलका असेपर्यंत शहाण्या पोरीसारखी चालायची. जरा पाय दाबला, टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली, की खोकायची, धक्के द्यायची आणि बंद पडायची. म्हणजे जिथं ताकद यायची तिथंच जीव जायचा.

आता कार्बोरेटरचं असं असतं, की त्यात पेट्रोलची एक छोटी वाटी असते. इंजिन हवा ओढतं आणि त्या ओढीबरोबर वाटीतलं पेट्रोल आपोआप आत येतं. चुडामणनं प्लग बदलले. पेट्रोलची भोकं मोठी केली, मग अजून मोठी केली. बॉनेट उघडलं की वाटीच्या झाकणावर एक बारीक भोक, ते दर वेळी पेट्रोलनं ओलं दिसायचं. चुडामण म्हणाला, वाटी भरून सांडतेय. म्हणून त्यानं वाटीतलं पेट्रोल कमी ठेवलं. गाडी आणखीनच लवकर बंद पडायला लागली.

आखाजीला पंधरा दिवस उरले तेव्हा सारिकाचा फोन आला. मी भगदाडाच्या अलीकडे होतो, फोन स्पीकरवर, सगळं ऐकू येत होतं. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "पप्पा, आखाजीला तुम्ही बसनं या ना. गाडी नका आणू." तो म्हणाला, "काहून बेटा?" ती म्हणाली, "काही नाही, ऊन फार आहे." इथं दुकानात गिऱ्हाइकं आली की नाना नवरीच्या दगडाची गोष्ट अजून सांगतात, हे तिनं सांगितलं नाही. ते पियुषनं मागं एकदा आईला, म्हणजे सुनंदावहिनींना, सांगून टाकलं होतं.

चुडामणनं फोन ठेवला. स्क्रू ड्रायव्हर उचलला, परत ठेवला आणि स्टुलावर बसून राहिला. सत्तावीस वर्षांत त्याला असं रिकामं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावर ओरडलोच. म्हटलं, "हाऊ बठ्ठा गोंधळ तुझाच शे. सोड तो नाद. टर्बो काढ, बसनं जा, पोरीला घेऊन ये." तो म्हणाला, "हां, भाऊ." त्यानं मान्य केलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदावहिनींना माहेरी जायचं होतं. माहेर फैजपूरजवळ, केळीचा बाग, भाऊ भाईदास बघतो. टर्बो अजून गाडीलाच होता. हलक्या पायानं आम्ही तिघं तिथवर पोचलो. बागेत भाईदास केळीला ठिबकमधून खत देत होता. पंपाशेजारी खताची लोखंडी टाकी असते. पंपाचं पाणी दाबानं तिच्यातून जातं आणि खत घेऊन नळ्यांतून झाडाच्या बुंध्याशी पोचतं. पण टाकीच्या झाकणातून फसफस फेस बाहेर येत होता आणि भाईदास वैतागून नळ्या झटकत होता.

वहिनींनी चपला काढायच्या आत त्याला झापलं. "भाईदास, झाकण कोण आवळेल? पाइपात दाब आहे अन् टाकी उघडी ठेवलीस. खत पुढं काहून जाईल? ते वरूनच निघून जाईल ना." आणि स्वतः पदर खोचून त्यांनी झाकणाची मूठ करकचून आवळली. फेस थांबला. दोन मिनिटांत शेवटच्या ओळीत खताचा वास आला.

चुडामण केळं खात होता. अर्धं केळं तोंडात, अर्धं हातात, तो तसाच उभा. "सुनंदा, काय म्हटलं तू?"

"काय म्हटलं? झाकण आवळ म्हटलं. तुम्हाला नाही म्हटलं."

तो गाडीकडे पळाला. या वयात, त्या पोटानं, बांधावरून. मी मागं धावलो, मला वाटलं चक्कर आली. त्यानं बॉनेट उघडून वाटीच्या झाकणावरच्या त्या ओल्या भोकावर बोट ठेवलं आणि हसायला लागला. "भाऊ, टर्बो वरून वारा दाबते अन् माही वाटी उघडी. पेट्रोल खाली जाईल कसं? ते या भोकातून बाहेर पळते. मी केळीवाल्याचा पोरगा, केळीवाल्याचा जावई, अन् तीन आठवडे उघड्या टाकीनं खत देऊ राह्यलो."

मला त्याच क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. म्हटलं, "मग उभा काय राहिलास, चल ना."

त्या भोकाला मी पितळेची नळी करून दिली आणि टर्बोचा वारा तिच्यातून वाटीतही दिला. वर जेवढा दाब, तेवढाच वाटीत. मग पेट्रोलचा पंप अडला, त्या दाबाविरुद्ध त्याला पेट्रोल ढकलता येईना. वहिनी भगदाडातून चहा देता देता म्हणाल्या, "मग त्यालाही द्या ना तोच वारा." मी पंपाला एक टोपी करून दिली, तिलाही नळी जोडली. पेट्रोलचा खेळ, गळालं तर पेटायचं, म्हणून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून तीन वेळा बुडबुडे बघितले. चौथ्यांदा मी एकट्यानं बघितले.

भुसावळ रोडला चुडामणनं पाय दाबला. शिट्टी आली. मी डोळे मिटून घेतले. पाठ सीटला चिकटली आणि एक मोटरसायकलवाला आमच्याकडे बघत बघत मागं राहिला. वहिनी म्हणाल्या, "हळू, माझा जीव जाईल," आणि लगेच म्हणाल्या, "अजून एकदा करा."

निघायच्या दिवशी नवरानवरी नव्हती, म्हणजे वजन कमी. चुडामण म्हणाला, तसं नाही चालणार, त्या दिवशी होतं तेवढंच वजन घेऊन घाट चढायचा. शेवटी दोन माणसांच्या जागी भाईदासकडचे केळीचे सहा घड आले आणि संसाराच्या जागी आंब्यांच्या पेट्या. मागच्या सीटवर सहा घड आणि मी. निघताना चुडामणनं डिकी उघडली, तो काळा दगड काढला आणि तुळशीपाशी ठेवला. मी म्हटलं, "अरे, असू दे की." तो म्हणाला, "असला तर लागतेच."

चाळीसगावला चहा घेतला. वहिनींनी सारिकाला फोन लावला, आता घाटाला लागतोय म्हणून. वर आभाळ तापलेलं, खाली डांबर तापलेलं, आणि माझ्या मांडीवर एक घड. बदामी चढायला लागली. पहिलं वळण गेलं. पुढं पाइपांनी भरलेला टेम्पो, चालत्या माणसाच्या वेगानं चाललेला. हाच तो, मी मनात म्हटलं, आता थांबावं लागणार. चुडामणनं मान काढून समोरचा रस्ता मोकळा बघितला, दांडी ओढून दुसरा गियर टाकला आणि पाय दाबला. ती शिट्टी सगळ्या घाटाला ऐकू गेली असेल. आम्ही टेम्पोच्या पुढं निघालो. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून सलाम केला, तर या पठ्ठ्यानं हॉर्न वाजवला.

आणि दुसऱ्या वळणावर, अगदी त्याच जागी, कठड्याला लागून एक स्कूटर उभी. पियुष शेजारी. आणि सारिका. दोन्ही हातांत एक भलामोठा दगड धरून.

व्याह्यांच्या नजरेला पडायच्या आत बापाची गाडी सांभाळायला ती दहा किलोमीटर खाली येऊन उन्हात उभी होती. मला सगळं एकदम कळलं. मी ओरडलो, "थांब ना रे, पोर उभी शे." वहिनींनीही त्याचा दंड धरला. चुडामणनं लेकीकडे बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. आणि पाय काढला नाही. तिच्यासमोरून आम्ही तिसऱ्या गियरमध्ये गेलो. मी घडांच्या फटीतून मागं बघितलं. ती तशीच उभी होती. मग तिनं तो दगड सावकाश कठड्यावर ठेवला आणि ओढणी तोंडाला लावली.

घाट संपला, सपाटी लागली, तेव्हा त्यानं गाडी झाडाखाली घेतली. उतरला, बॉनेट उघडलं आणि डोकं आत घालून उभा राहिला. बघण्यासारखं आत काही नव्हतं. पाच मिनिटांत स्कूटर आली. सारिका उतरून सरळ त्याच्याकडे गेली आणि पाठीवर दोन धपाटे घातले. "मी उभी होते पप्पा. दिसले नाही का?"

"दिसली ना."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर तुले दगड लावा लागला असता."

सारिकानं त्याच्या कपाळावरचा ग्रीसचा पट्टा स्वतःच्या नव्या ओढणीनं पुसला. मग पुढच्या सीटवर जाऊन बसली, तिची नेहमीची जागा, आणि सुनंदावहिनींना जावयाच्या स्कूटरवर मागं बसावं लागलं. वहिनी गावापर्यंत त्याला हळू चालव, हळू चालव म्हणत आल्या, असं तो नंतर सांगत होता.

दुकानाच्या दारात प्रेमराजनाना उभेच होते. बॉनेटकडे बघत त्यांनी विचारलं, "काय व्याही, कुठं कुठं थांबलात?"

"चाळीसगावला," चुडामण म्हणाला. "चहाला."

नाना हसले, विश्वास नव्हता त्यांचा. तेव्हा सारिका गाडीतून उतरली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घाटात नाही थांबले, नाना. त्या वळणावर मी स्वतः उभी होते. माझ्यासाठीसुद्धा थांबले नाहीत." असं सांगताना तिची मान इतकी ताठ होती की मी उगाच एका घडावर खेकसलो.

नानांनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग बाह्या वर केल्या आणि मागचं दार उघडून सहाच्या सहा घड स्वतः खांद्यावरून उतरवून घेतले, कुणाला हात लावू दिला नाही. त्यांच्या त्या कडक पांढऱ्या शर्टाला केळीचा चीक लागला. तो धुतला तरी निघत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.